उघडी कड

दुकानात शिरलं की डाव्या हाताला खिळ्यावर एक काळी रिम टांगलेली दिसते. ती विकायची नाही. तिला बत्तीस भोकं आहेत, त्यातली सोळा चेनच्या बाजूच्या तारांची. त्या सोळांपैकी नऊ भोकांच्या कडेला केसासारख्या चिरा गेल्यात. दोन ठिकाणी चीर भोकातून निघून पुढच्या भोकाच्या दिशेने धावली आहे. लांबून काही कळत नाही. उजेडाकडे धरून नख फिरवलं की नख अडकतं.

हे चाक मीच बांधलं होतं. नावाजलेल्या कंपनीची रिम, गर्द काळी, हातात घेतली तर वजन जाणवू नये इतकी हलकी. गिऱ्हाईक नव्वद किलोच्या आसपासचे, रोज पनवेल ते खोपोली जाऊन येणारे. त्यांनी मागितली ती दिली. दीड वर्षाने ते चाक ‘आउट’ काढायला, म्हणजे डुलणारं चाक सरळ करून घ्यायला, घेऊन आले. मी तारांच्या टोकांचे निपल पिळत गेलो, ताण येईना. तार ओढली जात होती आणि तिच्याबरोबर रिमचा पत्राच वर उचलला जात होता. त्या दिवशी ते गृहस्थ घाटातून खाली येऊन माझ्याकडे आले होते. अजून दोन खेपा त्यांनी त्याच चाकावर केल्या असत्या तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही. म्हणून ती रिम तिथे टांगली आहे.

आमचं दुकान पळस्पे फाट्याजवळ. इथे रस्ते फुटतात. एक चौक गाव, खोपोली करत बोरघाटाला जातो, तोच जुना मुंबई-पुणे रस्ता. दुसरा पेण, महाड करत गोव्याला. तिसरा जेएनपीटी बंदराकडे. पूर्वीचे राष्ट्रीय महामार्ग चार आणि सतरा, आताचे अठ्ठेचाळीस आणि सहासष्ट. नंबर बदलले तरी माणसं ‘फाटा’च म्हणतात. वडिलांनी दुकान टाकलं तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे दूधवाले, खाणीवर जाणारे मजूर, शाळेचे शिक्षक. सगळ्यांच्या सायकली एकाच जातीच्या: काळी फ्रेम, सळईचे ब्रेक, अठ्ठावीस इंची चाक आणि चमचमणारी लोखंडी रिम. वडील तिला ‘रिंग’ म्हणत, स्पोकला ‘तारा’. सायकल उलटी करून चाक फिरवायचं, खडू स्थिर धरायचा, जिथे रिंग बाहेर आली असेल तिथे खडूची रेघ उमटते. रेघेच्या समोरच्या तारा पिळायच्या. आउट काढायला मी तिथे शिकलो. लोखंडी रिंग खड्ड्यात वाकली तर हातोडीने सरळ व्हायची. तिला एकच दोष, पावसात ब्रेक लागायचे नाहीत. ओल्या क्रोमवर रबर नुसतं सरकत राहायचं.

वर्षातून एकदा मुंबई-पुणे सायकल शर्यत फाट्यावरून जायची. वडील मला खांद्यावर घेऊन उभे राहायचे. बोरघाटाच्या माथ्यावर पहिला पोहोचेल त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, हे मला शाळेतल्या कुठल्याही धड्याआधी माहीत झालं. त्या सायकली सळसळत गेल्या की वडील म्हणायचे, “बघ, रिंग पांढरी आहे, चकचकीत नाही. ॲल्युमिनियम.” तो धातू आमच्या दुकानात यायला पुढे बरीच वर्षं गेली. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, गाड्यांचा मोठा लोंढा तिकडे वळला, आणि जुना रस्ता हळूहळू सायकलवाल्यांचा झाला. आता रविवारी पहाटे पाच-साडेपाचला फाट्यावर तांबड्या दिव्यांची रांग लागते. वाशी, खारघर, कामोठे, ठाणे, कुठून कुठून पोरंपोरी येतात. चहा होतो, हवा भरून होते आणि घोळका घाटाकडे निघतो.

अशाच घोळक्यातला एक मुलगा गेल्या वर्षी मे महिन्यात आला. बंदराकडच्या कंटेनर यार्डात नोकरीला. दहा वर्षांची जुनी रोडबाइक त्याने हौसेने घेतली होती. फ्रेम उत्तम, पण चाकं संपलेली.

“काका, मला काळ्या रिमा पाहिजेत. पूर्ण काळ्या. आणि जितक्या हलक्या मिळतील तितक्या.”

मी खिळ्यावरची रिम काढून त्याच्या हातात दिली आणि नख फिरवायला सांगितलं.

काळा रंग म्हणजे नक्की काय, हे ती रिम फुटेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. मला वाटायचं, रंग तो रंग, वरून मारलेला. ते समजून घ्यायला मी तळोज्याला गेलो. तिथे एमआयडीसीत खिडक्यांच्या ॲल्युमिनियम सेक्शनना ॲनोडायझिंग करून देणारा एक ओळखीचा गाळा आहे. गंधकाम्लाच्या टाकीत सेक्शन बुडवतात आणि त्यातून वीज सोडतात. धातूच्या पृष्ठभागाचंच ऑक्साइड होतं. म्हणजे हा थर वर चढवलेला नसतो, तो धातूतूनच उगवतो. साधारण अर्धा आत, अर्धा बाहेर. त्याला सूक्ष्म छिद्रं असतात. मग काळ्या रंगाच्या टाकीत बुडवलं की रंग छिद्रांत शिरतो, आणि शेवटी गरम पाण्यात छिद्रं बंद होतात. शोभेच्या कामाला हा थर दहा-पंधरा मायक्रॉनचा पुरतो. ‘हार्ड’ म्हणतात त्या प्रकारात आम्ल बर्फासारखं थंड ठेवतात, वीज जास्त सोडतात आणि थर पंचवीस-पन्नास मायक्रॉनपर्यंत वाढवतात. तो रंग न घालताही गडद राखाडी दिसतो.

तिथल्या कारागिराने मला एक गोष्ट करून दाखवली. मल्टिमीटर घेतला, दोन्ही टोकं काळ्या सेक्शनवर टेकवली. आवाज नाही. मग ब्लेडने दोन ठिकाणी खरवडलं, चांदीसारखा धातू उघडा झाला, तिथे टोकं टेकवली आणि मीटर किणकिणला. “वीज जाऊ देत नाही म्हणजे हा धातू राहिलाच नाही,” तो म्हणाला. “ही झाली चिनीमातीची बशी. कडक आहे, पण वाकवली तर तडकणार.” त्याने एक काळी पट्टी माझ्यासमोर वाकवली. वाकलेल्या जागी बारीक चिरांचं जाळं उमटलं, उन्हाने भेगाळलेल्या खाचरासारखं.

माझ्या रिमचं कोडं मला तिथे सुटलं. चाक फिरताना प्रत्येक तारेचा ताण प्रत्येक फेऱ्याला कमी-जास्त होतो. रिमचा जो भाग जमिनीला टेकतो तिथल्या तारा क्षणभर सैल पडतात आणि पुन्हा ताणल्या जातात. एका किलोमीटरला पाचशेच्या जवळपास फेरे. वरचा जाड, ठिसूळ थर आधी तडकतो, आणि ती बारीक चीर खालच्या नरम ॲल्युमिनियमला फाटायला सुरुवात करून देते. रिम जितकी हलकी तितका भोकाजवळचा पत्रा पातळ, आणि मागच्या चाकात चेनच्या बाजूचा ताण दुसऱ्या बाजूच्या जवळजवळ दुप्पट. चिरा त्याच बाजूला का, याचं उत्तर हे. जॉब्स्ट ब्रांट नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९८१ साली सायकलच्या चाकावर एक पुस्तक लिहिलं. हा मनुष्य पुढची कित्येक वर्षं जाड ॲनोडायझिंगच्या गडद रिमांविरुद्ध तळमळीने बोलत राहिला: त्या भोकाशी तडकतात आणि ब्रेकची उष्णता अडवून धरतात. माझ्या एका गिऱ्हाइकाने ते पुस्तक मला आणून दिलं. त्यातल्या आकृत्या बघत बघत मी ते संपवलं. रिम फुटण्याआधी वाचलं असतं तर बरं झालं असतं.

रिमला रंग देण्याची आणखी एक गोष्ट मी त्या मुलाला सांगितली. १९३४च्या टूर द फ्रान्समध्ये आन्तोनँ मान्य मॅविकच्या ड्युरॅल्युमिनच्या रिमांवर धावला आणि शर्यत जिंकला. तेव्हा लाकडी रिमांचाच रिवाज होता, धातूच्या रिमांना शर्यतीत परवानगी नव्हती. म्हणून त्या धातूच्या रिमा लाकडासारख्या रंगवल्या होत्या, असं सांगतात. ॲल्युमिनियमच्या रिमला पहिला मोठा मान मिळाला तो रंगाखाली लपून. मुलगा हसला, पण “मग काळ्या नकोच का?” असं त्याने विचारलंच.

काळी चालेल. कुठे काळी, हा प्रश्न आहे. आता निम्म्याहून जास्त नव्या रोडबाइक डिस्क ब्रेकच्या येतात. तिथे ब्रेक रिमला शिवतच नाही, त्यामुळे रिम अख्खी काळी असली तरी बिघडत नाही, थर पातळ असला म्हणजे झालं. पण या मुलाच्या सायकलीला रिम ब्रेक. तिथे रिमची बाजूची कड हीच ब्रेकची अर्धी बाजू. ती कड काळी घेतली तर पहिल्या काही महिन्यांत ब्रेक पॅड तो काळा थर खरवडत बसतो. कुठे काळं, कुठे पांढरं असे पट्टे पडतात, ब्रेक धरताना हिसके बसतात. म्हणून अंग काळं आणि कड लेथवर कातून उघडी ठेवलेली, अशी रिम घ्यायची. चांदीची रेघ दिसते म्हणून तरुण मुलं नाक मुरडतात. मला स्वतःला ती रेघ फार देखणी वाटते. मॅविकने २०१०च्या सुमारास कडेवरही टिकणारा एक वेगळा, प्लाझ्माने केलेला गडद थर आणला. त्याला खास पॅड लागतात, आणि ते पॅड पळस्प्यात शनिवारी संध्याकाळी मिळणार नाहीत. रस्त्यावरच्या सायकलीला जे रस्त्यावर मिळत नाही ते लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग वजन. यावर मी त्याच्याशी अर्धा तास बोललो, कारण याच एका आकड्यापायी लोक सगळ्यात जास्त पैसे आणि कधीकधी हाडं मोडून घेतात. कागद घेतला आणि हिशेब मांडला. तो ७० किलो, सायकल ९, पाणी, पंप, ट्यूब, बूट धरून आणखी ३. एकूण ८२. त्याच्या जुन्या रिमा प्रत्येकी ५२० ग्रॅमच्या. त्याला हव्या होत्या त्या ४३०च्या. दोन मिळून वाचले १८० ग्रॅम, म्हणजे एकूण वजनाच्या पाव टक्क्याहूनही कमी. खोपोलीच्या पायथ्यापासून खंडाळ्यापर्यंत साधारण पाचशे मीटर उंची चढायची, त्याला लागतात पन्नास मिनिटं. चढावर वेळ जवळजवळ वजनाच्याच प्रमाणात जातो. पन्नास मिनिटांत वाचणार सहा-सात सेकंद. घाटातल्या शिंगरोबाच्या देवळापाशी हात जोडायला थांबतो त्याहून कमी. पायथ्याशी बाटलीतलं अर्धं पाणी ओतून टाकलं तर त्या १८० ग्रॅमच्या दुप्पट वजन कमी होतं.

हे खरं असलं तरी अर्धंच खरं आहे, आणि तेही मी त्याला सांगितलं. रिमचं वजन चाकाच्या काठावर फिरतं, त्यामुळे वेग वाढवताना ते दुपटीएवढं जाणवतं. उभं राहून पेडल मारलं की हलकं चाक लगेच उचल घेतं. घड्याळात दिसत नसलं तरी पायाला कळतं. ज्याने एकदा चांगलं हलकं चाक चालवलं त्याला मी त्या सुखापासून परावृत्त करणार नाही. मी स्वतः त्याच सुखासाठी या धंद्यात राहिलो.

पण चढलेला माणूस उतरतो. ८२ किलो वजन पाचशे मीटर खाली येताना ४०० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा सुटते. तेवढ्यात सव्वा लिटर पाणी उकळून निघेल. काही वारा घेतो, बाकी सगळी ब्रेक पॅड आणि रिमच्या कडेत जाते. उतारावर दोन मिनिटं ब्रेक धरून थांबल्यावर कडेला बोट लावून बघा, चटका बसतो. रिम हलकी म्हणजे ती उष्णता झेलायला धातू कमी. त्यातून आमचा पाऊस. जून ते सप्टेंबर या रस्त्यावर काळ्या दगडाची कच, डंपरमधून सांडलेली ग्रिट आणि लाल चिखल यांचा लगदा असतो. तो पॅडवर चिकटतो आणि पॅडचा पॉलिश पेपर होतो. दर पावसाळ्यात मी टोकदार सुईने पॅडमधून ॲल्युमिनियमचे कण काढतो, तांदळाच्या कणीएवढे, चमकणारे. ते पॅडचे नसतात. रिमच्या कडेतून उचकटलेले असतात, आणि तिथेच रुतून बसून ते कडेला आणखी ओरबाडतात. कडेची भिंत नवी असते तेव्हा दीड मिलिमीटरच्या आसपास. ती एक मिलिमीटरच्या खाली आली की टायरमधल्या हवेचा दाब तिला आतून ढकलत असतो, आणि एक दिवस ती उमलल्यासारखी बाहेर फाटते.

आणि गोव्याकडच्या रस्त्याचे खड्डे. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. त्यानंतर या पट्ट्यातल्या खड्ड्यांनी माझ्याकडे किती वाकड्या रिमा पाठवल्या याची मी मोजदाद ठेवली नाही. कर्नाळ्याच्या बाजूने येणाऱ्याची रिम मी आवाजावरून ओळखतो, ब्रेक धरला की दर फेऱ्याला एक ‘टक’. लोखंडासारखं ॲल्युमिनियम हातोडीने परत येत नाही. आलंच तर कमजोर होऊन येतं.

एवढं सगळं ऐकून मुलगा जरा हिरमुसला. मी म्हटलं, “अरे, काळीच देतो. पण दोन्ही चाकांना एकच फूटपट्टी लावू नको.” पुढचं चाक ब्रेकचा मोठा वाटा घेतं, म्हणून त्याची कड आधी झिजते. मागचं चाक अंगाचं वजन आणि चेनची ओढ घेतं, म्हणून त्याची भोकं आधी फाटतात. पुढे ४३०ची चालेल, अठ्ठावीस तारांवर. मागे ४६०-४७०, बत्तीस तारा. स्वित्झर्लंडच्या डीटी स्विसने आपल्या एका रिमचं नावच आर-४६० ठेवलंय, नावातला आकडा हेच वजन. तरी मी प्रत्येक रिम स्वतःच्या काट्यावर ठेवतो. आतली रुंदी सतरा मिलिमीटर, म्हणजे अठ्ठावीसचा टायर बसतो. रुंद टायरला हवा कमी लागते आणि खड्ड्याचा मार थेट रिमला बसत नाही. माझ्या मते टायर रुंद करून जो आराम आणि आयुष्य मिळतं, ते पन्नास ग्रॅम घटवून कधीच मिळत नाही. त्याच्या फ्रेममध्ये अठ्ठावीस जेमतेम बसत होता, बोटभर नाही पण सुरीच्या पात्याएवढी फट राहिली.

चाकं बांधायला मला दोन संध्याकाळी लागल्या. तारा स्टेनलेस, मधे बारीक आणि टोकांना जाड. निपल पितळी. ॲल्युमिनियमचे रंगीत निपल आणखी काही ग्रॅम वाचवतात, पण खाडीच्या खाऱ्या हवेत ते तारेवर धरून बसतात आणि वर्षाने पाना लावला की डोकंच तुटून हातात येतं. आट्यांना जवसाचं तेल. बसवताना सैल जातं, मग सुकून हळूच पकडतं. मागच्या चाकात चेनच्या बाजूला एकशे दहा किलोपर्यंत ताण, दुसऱ्या बाजूला साठच्या आसपास. मग समांतर तारांच्या जोड्या दोन्ही मुठींत धरून जोरात दाबायच्या. कुई-कट् असे आवाज येतात, तारा आपापल्या जागी बसतात. पुन्हा आउट बघायचा, पुन्हा दाबायचं, आवाज थांबेपर्यंत. शेवटी मी मापक बाजूला ठेवतो आणि बोटाने तार छेडत जातो. एका बाजूच्या सगळ्या तारा एकाच सुरात वाजल्या पाहिजेत. एखादी बेसूर वाजली तर मी तिच्यापाशी परत येतो. माझ्या नव्वद किलोच्या गिऱ्हाइकाच्या चाकात मी हे सगळं केलं होतं. तारा सुरात होत्या. रिम चुकीची निवडली होती.

मुलगा न्यायला आला तेव्हा चाक स्टँडवर फिरत होतं. काळं अंग, दोन्ही बाजूंना पांढरी उघडी कड. तो बराच वेळ बघत उभा राहिला. “रेघ चांगली दिसते,” म्हणाला.

त्या पावसाळ्यात तो घाटात बारा वेळा जाऊन आला. ऑक्टोबरमध्ये मी चाकं तपासली. मागची भोकं बत्तीसच्या बत्तीस साफ. पुढच्या रिमची कड एका मोसमात मापकावर दिसेल एवढी झिजली होती. ती अजून तीन-चार पावसाळे काढेल, मग बदलावी लागेल, हे मी त्याला त्याच दिवशी सांगितलं आणि वहीत तारीख घालून माप लिहून ठेवलं.

तुमच्या सायकलीला रिम ब्रेक असेल तर एवढं करा. टायरची हवा काढा, कडेवर अंगठा आडवा फिरवा. मध्ये वाटीसारखा खोलगटपणा लागला तर ती रिम घाटाला नेऊ नका. मग चाक उजेडाकडे धरून मागच्या उजव्या बाजूच्या भोकांवरून नख फिरवा. शंका आली तर कुठल्याही जाणत्या मिस्त्रीला दाखवा. माझं दुकान रविवारी पहाटे पाचला उघडतं आणि बघायचे पैसे मी घेत नाही.